चाळीस मिनिटांचा प्रेक्षक

त्या संध्याकाळी अक्कांना साडेआठच्या आत घरी पोचायचं होतं. पाण्याचा दिवस होता. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं. आमच्या पूर्व भागात ते कधी संध्याकाळी सुटतं, तर कधी रात्री दहाला. भरायला घरात मोठं माणूस नसलं की पुढचे चार दिवस शेजाऱ्यांच्या पिंपाकडे बघत काढायचे. म्हणून मी हिशोब करून ठेवला होता. साडेपाचला निघायचं, सहाला गाणं, सातला शाळकरी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन, साडेसातला एकांकिका आणि सव्वाआठला परतीची रिक्षा. शहरात दर हिवाळ्यात होणाऱ्या एका कला महोत्सवाचा तो दुसरा दिवस होता. तीन सभागृहं, एक मैदान आणि प्रवेश मोफत. पत्रिका आमच्या शाळेत आली होती. अक्का वीस वर्षं माझ्या शेजारी राहतात, विड्या वळतात, घरात तेलुगू बोलतात आणि माझ्याशी मराठी. सभागृहात बसून गाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एकदा चलाच, म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते.

सहाचं गाणं सात वाजून पाच मिनिटांनी सुरू झालं.

मधला सगळा वेळ सत्कारांत गेला. मी मोजले, अकरा झाले. प्रत्येकाचा परिचय, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि फोटोसाठी थांबणं. आम्ही बाजूच्या दाराजवळ बसलो होतो, तिथून विंगेतलं थोडंफार दिसत होतं. तबल्याला एक तरुण मुलगा होता. त्यानं सहालाच हातोडीनं गठ्ठे ठोकून तबला सुरात लावून घेतला होता. पंधरा मिनिटांनी बोटानं वाजवून पाहिला, मान हलवली आणि पुन्हा ठोकला. साडेसहाला पुन्हा. बाहेरचं दार उघडं, डिसेंबरची थंडी, सूर जागेवर राहत नव्हता. मध्येच तो दोन्ही हात काखेत धरून ऊब घेत होता. व्यासपीठावर तेव्हा आठवा सत्कार चालू होता आणि निवेदक "रसिक सोलापूरकरांनी" जोरदार टाळ्या वाजवाव्यात म्हणून विनंती करत होते.

अक्का पत्रिका हातात धरून बसल्या होत्या. पत्रिकेचा कोपरा त्या अंगठ्यात आणि तर्जनीत घेऊन वळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा वळत होत्या. चाळीस वर्षं ज्यांनी हजार-हजार विड्या मोजून दिल्या त्यांची बोटं रिकामी राहत नाहीत. पावणेसातला त्या माझ्या कानाशी आल्या. "बाई, गाणारी माणसं आली नाहीत काय अजून?"

"आलीत की अक्का, आत बसलीत."

"मग बोलवा की त्यांना."

सव्वासातला आम्ही उठलो. गायिकेनं बागेश्रीचे पहिले आलाप नुकते कुठे घेतले होते. उठताना मला लाज वाटली आणि अक्कांना माझ्यापेक्षा जास्त. गाणाऱ्या बाईंच्या तोंडावर उठून जाणं बरं दिसत नाही, असं त्या जिना उतरेपर्यंत म्हणत होत्या. प्रदर्शनाच्या दालनाला कुलूप लागलं होतं. एकांकिका जिथे व्हायची तिथे पडदा बंद होता आणि माइकवरून पाहुणे वाटेत असल्याचं सांगितलं जात होतं. परत निघालो तेव्हा मैदानाच्या फाटकाबाहेर कॉलेजची आठ-दहा मुलं डफ वाजवत पथनाट्य करत होती. पत्रिकेत त्याचं नाव कुठेच नव्हतं. अक्का पिशवी काखोटीला मारून उभ्या राहिल्या आणि पंधरा-वीस मिनिटांचं ते नाटक त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. एका मुलीनं सासूची नक्कल केली तेव्हा त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. मग रिक्षानं गेल्या. पाणी नऊला आलं.

मी मागे राहिले, पुन्हा गाण्याला गेले आणि साडेदहापर्यंत बसले. गाणं फार सुंदर झालं. तोवर सभागृह निम्मं रिकामं होतं, आणि सत्कार झालेल्यांतलं कुणीही शेवटपर्यंत थांबलं नव्हतं.

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपल्या शहरातले कलेचे सोहळे अख्खी संध्याकाळ मोकळी असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर धरून आखलेले असतात. त्याच्याकडे गाडी असते, घरी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं, आणि सहाचं सातला सुरू झालं तरी त्याचं काही बिघडत नाही. अशी माणसं सोलापुरात आहेत, पण थोडी आहेत. बाकीच्यांचा वेळ तुकड्यातुकड्यानं येतो. यंत्रमागावरच्या माणसाला पाळी सुटल्यापासून जेवणापर्यंतचा तासभर असतो. विडी वळणाऱ्या बाईला माल कारखान्यात देऊन आल्यावर चूल पेटेपर्यंतचा वेळ. दुकानातल्या मुलाला मालक जेवायला गेल्यावरचा. चाळीस-पन्नास मिनिटांचा हा तुकडा हाच या शहराचा फुरसतीचा वेळ आहे, आणि महोत्सव आखायचा तर तो या तुकड्याच्या मापानं आखला पाहिजे. चाळीस मिनिटांत काहीतरी पूर्ण बघून होईल, मग वाटलं तर पुढच्या जागी जाता येईल, नाहीतर घरी जाता येईल. एका संध्याकाळी चार ठिकाणी हिंडून कला बघण्याची सोय ही हौशी लोकांची चैन समजली जाते. मला ती कष्टकरी शहराची गरज वाटते.

हे काही परक्या शहराकडून शिकायचं नाही. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९पासून होतो, तिथे माणसं दालनातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून सभागृहात फिरत असतात. त्याचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच म्हणतात, ते मुंबईत चालतं. पण सोलापूर त्याच्या कितीतरी आधीपासून हिंडत बघतं आहे. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेकासाठी जातात. म्हणजे ६८ ठिकाणं, आणि शहर त्यांच्यामागे चालतं. कुणी मिरवणुकीबरोबर दिवसभर चालतं, कुणी आपल्या पेठेच्या कोपऱ्यावर उभं राहून नंदीध्वज समोरून गेले की हात जोडून कामाला लागतं. दोघांनाही यात्रा झाल्याचं समाधान असतं, आणि अर्ध्यावरून गेला म्हणून कुणी कुणाला बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात त्या वेळेला मात्र हजारो माणसं जागेवर हजर असतात. मग होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा. पाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची दुकानं, भज्यांचे घाणे. गड्ड्यात कुणी खुर्ची धरून बसत नाही.

गणपतीत तेच. आजोबा गणपतीपासून निघून रात्री चार पेठांतले देखावे बघत फिरायचं, लहान मूल खांद्यावर झोपलं की परत वळायचं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. माझ्या वर्गातली मुलं त्या दिवसाबद्दल निबंधात जे लिहितात ते मी दरवर्षी वाचते. रथ कुठून दिसला, किती वेळ दिसला, मग मामाच्या घरी जेवायला कसे गेलो. या मुलांना आणि त्यांच्या आयांना हिंडत बघण्याची कला कुणी शिकवायची गरज नाही. सभागृहाच्या दाराशी आल्यावर ती आपण त्यांच्याकडून काढून घेतो. आत या, बसा, हलू नका, कधी सुरू होईल सांगता येत नाही, आणि मध्ये उठलात तर रसिक नव्हे.

यावर माझ्या ओळखीतल्या गाणाऱ्या मंडळींनी जो आक्षेप घेतला तो हलका नाही. ख्याल हा येता-जाता ऐकण्याचा प्रकार नव्हे, असं ते म्हणतात. विलंबित लयीत राग उलगडायला वेळ लागतो. ऐकणाऱ्यालाही स्थिर व्हायला वेळ लागतो. लोक सारखे उठबस करायला लागले तर गाणाऱ्याचं चित्त राहत नाही, आणि उद्या कलावंत टाळ्या मिळवण्यासाठी वीस मिनिटांतच ताना मारायला लागतील. नाटकवाल्यांचं म्हणणं आणखी सरळ आहे. दुसऱ्या अंकात आत शिरलेल्या माणसाला कळणार काय? मी स्वतः त्या रात्री साडेदहापर्यंत बसलेली आहे, त्यामुळे त्यांची भीती मला कळते. बागेश्रीतला तो मध्यम कुणीतरी खुर्ची खडखडवत असताना ऐकावा असं मलाही वाटत नाही.

पण मी गाणं कापायला सांगत नाही. दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, हे ठरवायला सांगते आहे. एक राग संपला की दार पाच मिनिटं उघडावं. ज्यांना जायचं त्यांनी जावं, बाहेर थांबलेल्यांनी यावं, मग दार बंद. पुढचा राग संपेपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. कीर्तनात ही सोय केव्हापासून आहे. पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तेवढ्यात म्हातारी माणसं पाय मोकळे करतात, नवी येऊन बसतात आणि मग उत्तररंगाचं आख्यान सुरू होतं. कीर्तनकाराचं चित्त त्यानं ढळलेलं मी पाहिलं नाही. एकांकिका तर जन्मतःच या मापाची आहे. पाऊण तासात सुरू होऊन संपते, आणि आपल्या कॉलेजांमधून दर वर्षी कितीतरी एकांकिका स्पर्धेपुरत्या बसवल्या जातात, एक-दोन प्रयोग होतात आणि सेट अडगळीत जातो. शाहिरी, भारूड, कव्वाली, वचनगायन यांनाही तुकड्यात ऐकण्यानं काही उणेपणा येत नाही. आणि तीन अंकी नाटक, रात्रभराची मैफल ज्यांना हवी त्यांच्यासाठी ती वेगळ्या दिवशी, पूर्ण वेळेची, जरूर असावी. सगळं एकाच मापात बसवा असं मी म्हणत नाही. अक्कांच्या मापाचं एकही काही नाही, हे माझं दुखणं आहे.

उठून जाणाऱ्यानं कलेचा अपमान होतो म्हणतात, तर मग तबलजीला थंडीत तासभर तिष्ठत ठेवण्यानं काय होतं? या सगळ्या कल्पनेचा पाया घड्याळ आहे. पहिल्या ठिकाणी पासष्ट मिनिटं उशीर झाला की पुढची सगळी ठिकाणं हातची जातात. एकाच सभागृहात बसून राहणाऱ्याला उशीर फक्त कंटाळा देतो. हिंडणाऱ्याची मात्र अख्खी संध्याकाळ त्यानं बुडते. सोलापूरला वेळ पाळणं जमत नाही, हे मला कुणी सांगू नये. १८७७ साली इथे जुनी मिल सुरू झाली आणि मग पिढ्यान्‌पिढ्या हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठलं, जेवलं, झोपलं. माझे सासरे नरसिंग गिरजी मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यानंतरही ते पाळीच्या वेळेला जागे व्हायचे. भोंगा झाला की फाटक बंद व्हायचं, मग साहेबाची ओळख असली तरी आत घेत नसत. मजुराकडून मिनिटाचा हिशोब घेणाऱ्या शहरानं प्रमुख पाहुण्यांकडून तासाचा हिशोब का घेऊ नये?

आयोजकांची अडचण मला माहीत आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे पैसे जमवताना मीही तीच भोगते. ज्यानं देणगी दिली त्याचं नाव घ्यावं लागतं, नाही घेतलं तर पुढच्या वर्षी तो देत नाही. नगरसेवक आले की त्यांना दोन शब्द बोलू द्यावे लागतात. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, आणि मोफत महोत्सव भरवणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण देणगीदाराचं नाव दारावरच्या मोठ्या फलकावर लिहिलं, पत्रिकेवर छापलं, तर ते सहा दिवस सगळ्यांना दिसेल. सत्कारांसाठी पहिल्या दिवशी सकाळी वेगळा समारंभ ठेवावा, चहा-फराळ द्यावा, परिचय सविस्तर करून द्यावेत. ज्यांचा गौरव व्हायला हवा त्यांचा गौरव त्यानं जास्त नीट होईल. गाण्याच्या आधीच्या तासात होतो तो सत्कार ऐकायला कुणाचे कान मोकळे नसतात, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं.

जागांचं म्हणाल तर या बाबतीत आपल्यासारखं नशीब थोड्याच शहरांचं असेल. पार्क चौकात उभं राहावं. हुतात्मा स्मृती मंदिर, होम मैदान, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलावाचा काठ, सगळं पायी जाण्यासारखं आहे. रंगभवनापर्यंतही रमतगमत चालता येतं. स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं ते २०१६ साली, आणि त्या पैशातून या परिसरात बरंच कामही झालं. फरशा बसल्या, दिवे लागले. आता त्या फरशीवरून माणसांनी एका दारातून दुसऱ्या दारात जावं, यासाठी काय लागतं? एका शनिवारी पाच ते साडेनऊ त्या पट्ट्यात गाड्या बंद, चौकात एक मोठा फलक, त्यावर कुठे काय केव्हा सुरू आणि केव्हा संपणार. उशीर झालाच तर तोही तिथल्या तिथे लिहावा. पार्कच्या चौपाटीवर भजी-चहाची सोय आहेच.

आणि फलक चारही भाषांत असावा. मी मराठी शिकवते, मराठीवर माझं पोट आहे आणि प्रेमही. म्हणूनच सांगते, त्या पत्रिकेतलं मराठी माझ्या शाळेतल्या पालकांना कळत नाही. "स्वरसुमनांजली", "रंगाविष्कार". गाणं आहे की नाटक, तेच उमगत नाही. अक्का तेलुगू वाचतात, मराठी बोलतात. आमच्या शाळेचा शिपाई उर्दू वाचतो, नाटकाचं वेड त्याला आहे. ग्रामदैवताची वचनं कन्नडमध्ये आहेत. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेल्या ज्या चौघांचं स्मारक म्हणून आपलं मोठं नाट्यगृह उभं आहे, त्यांची नावं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्या वास्तूत काय चाललं आहे ते चार लिप्यांत लिहायला एक रंगारी आणि एक दिवस पुरे.

पार्क चौकावर थांबूनही भागणार नाही, हे मला पटलेलं आहे. कुंभारीला विडी कामगार बायांची १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे, पुढे रे नगरची घरं झाली. एवढी वस्ती, आणि तिथून पार्क चौकात यायला रिक्षाचं भाडंच इतकं होतं की मोफत प्रवेशाला अर्थ उरत नाही. महोत्सवातली एक संध्याकाळ पूर्व भागात आणि एक कुंभारीच्या या घरकुलांत झाली पाहिजे. शाळांची पटांगणं आहेत, मंगल कार्यालयं आहेत. माझ्या शाळेचं पटांगण मी आजच देऊ करते, दिव्यांसकट. नाहीतर परतीची बस तरी द्यावी, आणि ती पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुटावी.

एवढ्यानं काय होणार, असं विचारणारे भेटतात. चाळीस मिनिटं गाणं ऐकून विडी कामगार बाई रसिक होणार का? मला माहीत असलेली उदाहरणं मी सांगते. जब्बार पटेल सोलापुरात शिकले ते प्रा. श्रीराम पुजारींच्या घरी राहून. त्या घरात गाण्यातली, नाटकातली, कवितेतली माणसं येत-जात असायची. शाळकरी मुलगा अशा घरात वावरतो तेव्हा तो पास काढून पहिल्या रांगेत बसलेला नसतो. येता-जाता त्याच्या कानावर पडत असतं, दारातून दिसत असतं. १००व्या नाट्य संमेलनाचे अध्यक्ष झालेला माणूस अशा घरात वाढला. शाहीर अमर शेख बार्शीचे, कष्टकऱ्यांतून आलेले, त्यांचं गाणं कामगारांच्या सभांत घुमलं, आणि ते ऐकणारा कामगारच होता. सगळ्या मुलांच्या नशिबी पुजारीसरांचं घर येत नाही. वर्षातून सहा संध्याकाळी शहरानंच तसं घर व्हावं, दारं उघडी असलेलं, एवढीच माझी मागणी आहे.

परवा अक्का पापडाचं पीठ द्यायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, ती डफवाली पोरं परत कधी येणार आहेत? त्यांच्या सुनेलाही बघायचं आहे म्हणे. मी सांगितलं की ती महोत्सवात नव्हतीच, बाहेर उभी होती, त्यामुळे कुणाला विचारावं तेच कळत नाही.

पुढच्या हिवाळ्याची आखणी सुरू होईल तेव्हा आयोजकांना आणि महापालिकेला मी हे पत्रानं कळवणार आहे. डफवाल्या मुलांना पत्रिकेत घ्या, हे पहिलं. सहाचं सहाला सुरू करा, हे दुसरं. आणि त्या सहा दिवसांत कुठल्या भागात पाणी किती वाजता सुटणार, ते पत्रिकेच्या मागच्या बाजूला छापा.